सिस्टरचा स्पिरिटचा बोळा

फोटो काढण्याआधी सिस्टर मोबाईलची काच स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. तो वास आला की समोरच्या बायकांचा हात आपोआप दंडाकडे जाई. माझाही जाई, आणि मी तर गळ्यात भलामोठा कॅमेरा लटकवलेला पन्नाशीचा फोटोग्राफर!

जामखेडला नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर सिस्टर दर हंगामात कोपरगावकडे जात, ऊसतोडीला गेलेल्या आपल्या भागातल्या बायकांचे फोटो काढायला. मीही सोबत असे. माझा कॅमेरा दिसला की त्या बायका लग्नातल्यासारख्या पदर सावरून ताठ उभ्या राहत. सिस्टरच्या मोबाईलसमोर मात्र भांडत, पोरांना न्हाऊ घालत, खो खो हसत. खरे फोटो तिकडे निघत; मी आपला लेन्स बदलत बसे.

त्यांचा नियम एकच. फोटो जिचा तिला दाखवायचा, ती नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचा. मी कुरकुरलो की म्हणत, "जन्मभर न विचारता सुया टोचल्या हो. आता तरी विचारू द्या."

आणि मग चंद्रकलाचा फोटो आला. सातवा महिना, डोक्यावर उसाची मोळी, ट्रकला लावलेल्या फळीवर एक पाय. तीस वर्षांत मला असा फोटो मिळाला नव्हता! जामखेडला सिस्टरचं प्रदर्शन ठरलं होतं. त्याच संध्याकाळी फोटो छपाईला द्यायचे होते. चंद्रकलाचा चेहरा मात्र उतरला.

"पुसा ह्यो, सिस्टर. आईला सांगितलंय, म्या नुसत्या भाकरी थापते. तिनं बघितलं तर घास न्हाई उतरायचा तिला."

सिस्टरनी पुसला.

स्टँडवर चहा घेताना मी त्यांचा फोन मागून घेतला, दोनचार ठिकाणी बोट लावलं आणि जादूगाराच्या थाटात म्हणालो, "हा बघा, जिवंत! पुसलेले फोटो फोनच्या कचरापेटीत महिनाभर राहतात."

टाळ्या पडतील असं वाटलं होतं. सिस्टरनी कप खाली ठेवून फोन हातात घेतला. महिन्याभरात नको म्हटलेले सगळे चेहरे तिथे ओळीने बसले होते.

"म्हणजे 'गेला बरं का' म्हणून मी सांगत होते, ते खोटं?"

"मग पुसा की इथंच."

"इथं? तिच्यासमोर."

जामखेडची गाडी लागली होती. सिस्टर उलट्या दिशेने निघाल्या. वाटभर पर्स छातीशी धरलेली. "कुणी फोन उघडला तर? टोळी दुसऱ्या फडात गेली असली तर?" माझा घोर निराळा होता: फोटो जाणार!

चंद्रकला भेटली. उसाने काळ्या पडलेल्या तिच्या अंगठ्याला फोन दाद देईना. सिस्टरनी बोळ्याने तो अंगठा पुसला. तिने फोटो बराच वेळ पाहिला.

"लई भारी दिसतीय की म्या," म्हणाली, आणि पुसला.

पुढचा आठवडाभर सिस्टर उरलेल्या बायकांना शोधत हिंडल्या. प्रदर्शन लांबलं, पण झालं. त्या फोटोची भिंतीवरची जागा त्यांनी मोकळीच ठेवली.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. लेकीने त्यांचा फोन माझ्या हाती दिला. "काका, आईचे फोटो तुम्हीच सांभाळा." तो फोटो नसणार हे पक्कं ठाऊक असूनही मी आधी कचरापेटीच उघडली.

रिकामी होती. फोनला अजून स्पिरिटचा वास होता, आणि माझा हात दंडाकडे गेला.