सरपंचाची परतीची बस

आमच्या गावचा सरपंच मला गावात कधी दिसला नाही. दिसायचा तो इथे सुरतेत, लिंबायतला. अर्धं गाव इथेच कापडाच्या लूमवर आहे ना! कुणाचं लग्न असो की दहावं, हा पांढऱ्या कपड्यांत हजर. आपण पाणी दिलं की स्वतःची बाटली काढायचा. "तू तं मना घरना माणूस शे," असं मला म्हणायचा, आणि लगेच शेजारच्याला विचारायचा, "हाऊ कोन शे?" मला अक्षर येत नाही, अक्कलही तेवढीच. दोन्ही वेळा मत त्यालाच दिलं.

यंदा गावाचे नळ कोरडेच राहिले, तसं त्याला काढायला ग्रामसभा बसली. आम्हाला न्यायला त्यानेच बस पाठवली. आम्ही त्याचं मटण खाल्लं आणि त्याच्याच विरुद्ध शिक्का मारला. अख्ख्या गावातून त्याला अकरा मतं पडली.

परत निघताना हा बसच्या दारात उभा. "ज्यास्नी माले मत दिधं, त्याच बसतीन!"

सकाळच्या पाळीला खाडा झाला असता, तर शेठने माझे लूम दुसऱ्याला दिले असते. "अप्पा, मी तुम्हालाच दिलं," म्हणत मी घुसलो, तर आत चाळीस जण आधीच बसलेले. तो बोटाने डोकी मोजायला लागला. बारा म्हणाला आणि थांबला.

कुणी हललं नाही. मग त्याचा सख्खा मेहुणा उठला. "दाजी, मी नही दिधं," म्हणाला आणि खाली उतरला.

सगळ्या बसमध्ये तो एकटा खरं बोलला. त्याची सीट रिकामी झाली, तशी मी पटकन बसून घेतलं.