धुराच्या घरातलं प्रवाळ

रामनगरात बेळगाव-गोवा रस्त्याला लागून शिवानंद मिराशी यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. जळालेले स्टार्टर, उतरलेल्या बॅटऱ्या, न लागणारे हेडलाइट, दिवसभर हेच काम. घर गावापासून आत, जंगलाला लागून असलेल्या वाडीत. समुद्र घाट उतरल्यावर. तरीही मिराशींना खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवायची हौस आहे. ती वास्कोत लागली. तरुणपणी ते तिथल्या एका हॉटेलात इलेक्ट्रिशियन होते. हॉटेलातल्या माशांच्या मोठ्या टाकीचे पंप आणि दिवे सांभाळायचे त्यांनी आणि खानापूरकडच्या दत्तात्रय पाटलांनी.

गावी परतल्यावर मिराशींनी घरात चार फुटी टाकी मांडली. दोन जोकर मासे आणि दगडाला चिकटून बोटांसारखे फाटे फोडणारं मऊ प्रवाळ. समुद्रातून प्रवाळ काढायला बंदी आहे. हौशी लोक टाकीत वाढलेल्याचेच तुकडे एकमेकांना देतात. मिराशींनी तसा एक तुकडा दत्तात्रयना दिला. पुढच्या पावसाळ्यात विजेच्या तारेवर झाड पडलं, दोन-तीन दिवस वीज आली नाही, पंप बंद राहिला आणि टाकीतलं सगळं मेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या टाकीत त्यांच्या पत्नी सुनयना कांदे ठेवत.

यंदा मे महिन्यात दत्तात्रयचा फोन आला. ते ऑगस्टात मुलाकडे राहायला जाणार होते, टाकी मोडायची होती.

“तुझ्याच तुकड्याचं वाढलंय हे. परत नेतोस? न्हाईतर हितं मागणारा एक हाय.”

“नेतो की.”

“असं न्हाई. आधी सामान लाव. मी येऊन बघणार, मग देणार. एकदा मारलास, दुसऱ्यांदा मारायला मी देणार न्हाई.”

मिराशींच्या तुकड्याची वाढ आता जगात तेवढीच उरली होती. ती मिळवायची तर ऑगस्टच्या आत टाकी उभी करायला हवी होती.

सामान बघायला ते मडगावच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने पाणी थंड करणारं यंत्र पुढे केलं. गोव्यात ते लागतं. पण वाडीत डिसेंबरात सकाळी हंड्यातलं पाणी हाताला झोंबतं. मिराशींनी उलट हीटर घेतला. डोंगराच्या झऱ्याचं पाणी घरात पिण्याला होतं, तरी टाकीसाठी गाळणीयंत्र घेतलं. झऱ्याच्या पाण्यातले क्षार माणसाला चालतात, टाकीत त्यावर शेवाळ माजतं. दिवे साधे घेतले. मऊ प्रवाळाला फार उजेड लागत नाही. टाकीही या वेळी दोन फुटी.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी पंपावर घालवला. घरच्या विजेवर चालणारे पंप बाजूला सारून त्यांनी बारा व्होल्टचा छोटा पंप निवडला. तो ट्रकच्या बॅटरीवर थेट चालतो. मध्ये इन्व्हर्टर नाही, म्हणजे बिघडणारी एक वस्तू कमी. बॅटरी ओसरीवर ठेवली, वायर भिंतीतून आत घेतली. वीज गेली की पंप आपोआप बॅटरीवर यावा अशी जोडणी केली. हे त्यांचं रोजचं काम होतं. मागची चूक सुधारली, असं त्यांना वाटलं.

जूनमध्ये टाकीत फक्त दगड आणि खारं पाणी होतं. दत्तात्रयनी फोनवर विचारलं, “मागल्या खेपेला प्रवाळ मिटायला कधी लागलं?”

“वीज गेली तवा.”

“शिवा, नीट आठव. त्याच्या आधी तू मला फोन केलतास. म्हणालास, मिटून बसलंय, काय करू?”

मिराशींना आठवलं. झाड पडायच्या कितीतरी आधी प्रवाळ मिटलेलं होतं.

त्या वेळी घरात बदललेलं काय होतं, याचा विचार करताना उत्तर समोरच होतं. पावसाळा लागला की वाडीत दारं-खिडक्या लावून घेतात आणि चूल दिवसभर पेटती ठेवतात. वरच्या माळ्यावर ओली लाकडं, कपडे, मिरच्या सुकतात. टाकी मागेही, आताही, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती. पाणी साफ करणारा स्किमर खोलीतली हवा ओढून फेस करतो आणि फेसाबरोबर घाण वर काढतो. खोलीत धूर असेल तर तो धूरच ओढतो. मिराशींनी पाण्याचा आंबटपणा (pH) दाखवणारं मीटर टाकीत सोडलं, दारं लावली, सुनयनांना चूल पेटवायला सांगितली. संध्याकाळपर्यंत आकडा उतरला, पाणी आंबटाकडे झुकलं. दार उघडल्यावर हळूहळू सावरलं.

“आता काय, चूल बंद करू?” सुनयनांनी विचारलं. “मग माशालाच सांगा भाकरी थापायला.”

“चूल राहू दे. नळी भाईर काढतो.”

“म्हंजे आमी धूर खायाचा आनि त्येला वाडीची ताजी हवा?”

“तुलाबी नळी लावतो की.”

“लावा. आधी माळ्याला धुराडं लावा.”

स्किमरची हवेची नळी त्यांनी भिंतीतून पलीकडे, ओसरीच्या वळचणीखाली काढली. तोंडाला बारीक जाळी लावली. आठवडाभरात धुराडंही बसलं.

दत्तात्रय जुलैच्या अखेरीस बसने आले. हातात थर्माकोलचा डबा. तो न उघडता त्यांनी आधी ओसरीवरची बॅटरी पाहिली, मेन स्विच पाडून पंप चालतो का ते पाहिलं. मग म्हणाले, “वयनी, दारं लावा. चुलीत ओली लाकडं घाला.”

“भावजी, जेवाय आलाय की धुरी घ्यायला?”

“दोनी.”

दुपारभर तिघं मीटरकडे बघत बसले. धुराडं असूनही डोळ्यांतून पाणी येत होतं. मीटरचा आकडा थोडा खाली आला आणि तिथेच थांबला. दत्तात्रयनी डबा उघडला आणि अंगठ्याएवढा एकच तुकडा बाहेर काढला.

“एवढंच?”

“एवढंच. हे तगलं तर बाकीचं गणपतीला येऊन ने. तवर मी टाकी मोडत न्हाई.”

तुकडा दगडाला बांधून पाण्यात सोडला. तो मिटलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशीही. मिराशी दुकानात जात, पण त्यांचं लक्ष कामात नव्हतं. एका टेम्पोची वायर उलटी जोडून त्यांनी फ्यूज उडवला.

त्यानंतर एका सकाळी सुनयनांचा फोन आला. मिराशी एका ट्रकखाली आडवे झाले होते.

“अवो, उघडलंय. सगळं न्हाई, एका अंगानं.”

“रंग?”

“पिवळट. बारीक बारीक बोटं काढलीत. हलत्यात.” मग त्यांनी विचारलं, “कपडे वले हायत. चूल पेटवू का?”

मिराशींनी पाना खाली ठेवला.

“पेटव की,” ते म्हणाले.