शेठजींनी बुजवलेलं भोक

बॉनेटमधून वाफ येत होती आणि भवरलालशेठ फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले होते. मी जिन्यावरूनच ओरडले, "शेठ, हात लावू नका. तोंड भाजेल."

शेठ माझे घरमालक. शहाद्यात त्यांचं घुंगरू, मणी, आरशांचं दुकान. दुसऱ्या दिवशी धडगावचा भोंगऱ्या बाजार होता. होळीआधीच्या त्या एका बाजारात त्यांचा वर्षाचा निम्मा माल जातो. जागा मात्र आधी येईल त्याची, आणि झाडाखालची सावली सगळ्यांनाच हवी असते. आणि गाडी गावातल्या गावातच उकळत होती, घाट काय चढणार?

मी मेकॅनिकल इंजिनिअर. नंदुरबारला एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिसला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिली मीच. हे मी सगळ्यांना सांगते, कारण सांगायला आवडतं. त्या दिवशी सुट्टी होती.

"सकायले धडगाव जानं शे, बेटा. रेडिएटरमा थोडी हळद टाकी दू का?" शेठनी विचारलं. गळती बंद व्हायला जुने ड्रायव्हर हळद टाकतात.

"हळद भाजीत टाका. रेडिएटर गळतच नाहीये."

गाडी थंड झाल्यावर मी वॉटर पंपाची पुली हलवून पाहिली. डुगडुगली. वॉटर पंप म्हणजे इंजिनभोवती पाणी फिरवत ठेवणारा छोटा पंप, पट्ट्यावर चालतो. तो थांबला की पाणी भरलेलं असूनही इंजिन तापतं.

अंगणातच काम काढलं. बॅटरीची वायर सोडली, पाणी घमेल्यात उतरवलं, पट्टा सैल करून फॅन आणि पुली काढली. पंपाचे बोल्ट लहान-मोठे असतात. लांब बोल्ट चुकीच्या जागी पिळला तर इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. म्हणून घुंगरांच्या खोक्यावर पंपाचं चित्र काढलं आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला. पंप चिकटला होता. स्क्रूड्रायव्हरने उचकटला असता तर बसायच्या जागेवर ओरखडे पडले असते आणि नवा पंपही गळला असता. लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून सोडवला.

शेठनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हाऊ ते चांगला शे. धुई टाक आनि बसाडी दे."

"आतून गेलाय."

"आतमधलं तुले काय दखास?"

"उघडून दाखवते. पण उघडलेला परत बसणार नाही. आधी तुमच्या साडूंना फोन लावा, नवा आहे का विचारा."

शेठच्या साडूंचं गावातच स्पेअर पार्टचं दुकान. नवा पंप होता, सुट्टी असूनही शटर उघडायला ते तयार झाले. मग मी पुलर लावून पुढचा भाग ओढून काढला आणि शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, ठोकून बाहेर घेतला. बेअरिंगमध्ये ग्रीसचा पत्ता नव्हता, नुसता गंजाचा चिखल. पाणी ढकलणारं पंख्यासारखं चक्र शाफ्टवर सैल फिरत होतं.

पंपाच्या पोटाखाली एक राखाडी गोळी दिसली. नखाने टोकरली. दगडासारखी.

"शेठ, हे काय?"

शेठ घुंगरांच्या खोक्याकडे बघायला लागले. "तठेथून पानी टपकी ऱ्हायनं व्हतं. मी पुट्टी भरी दिधी. मोरीना नळ बी तसाच बंद कया व्हता."

ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. आत एक सील असतं, ते पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ देत नाही. सील झिजलं की पाणी या भोकातून जमिनीवर टपकतं, म्हणजे मालकाला कळावं. शेठनी ते बुजवलं. पाण्याला बाहेरची वाट उरली नाही, ते बेअरिंगमध्ये गेलं.

हे समजावून सांगितलं, तर चहा घेऊन आलेल्या काकी, म्हणजे शेठच्या बायको, म्हणाल्या, "मन्हं तोंड बी असंच बुजतस ह्या."

नवा पंप, नवं गॅस्केट, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट. संध्याकाळी मी शेजारी बसून शेठना प्रकाशा रोडला चक्कर मारायला लावली. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. शेठ पहाटेच निघाले. सकाळी धडगावहून फोन आला, "जागा भेटनी. झाडखालेच."

होळीनंतर एकदा खालून हाक आली. शेठ टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे.

"बेटा, भोक सुकं शे. एक थेंब येत नही. काही बिघडनं ते नही ना?"

सुकंच हवं, हे त्यांना पटवायला मलाही गाडीखाली जावं लागलं.

वर्कशॉपला गिऱ्हाइकांना मी आता सांगते, कंपनी गाडीला फुकट भोक पाडत नाही. गळायला लागलं तर पुट्टी घेऊ नका, गाडी घेऊन या.