आधी पाणी पी

नांदेडात घरी बसून मी परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहितो. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटतात तिथं आपलं वाक्य संपलं पाहिजे, एवढीच त्यातली कारागिरी. पोट भरतं. नाव होत नाही, आणि आता व्हावं असं वाटतही नाही.

मागच्या वर्षी माझ्याकडे इंग्लंडची एक मालिका आली. तिथल्या उत्तरेकडचं, खाणी बंद पडलेलं गाव. त्यातली एक विधवा असं बोलायची की लंडनवाल्यांनाही कळू नये. शब्द अर्धे गिळलेले, बोलणं तुटक, पण माया अशी की बास! चार-चारदा मागं नेऊन ऐकलं आणि म्हटलं, अरे, ही तर आपली अक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लोह्याला एकटी राहते. रोज दुपारी तिला फोन लावायचो, प्रसंग सांगायचो आणि विचारायचो, तू काय म्हणाली असतीस? तूर निवडता निवडता ती सांगायची. एका प्रसंगात पोलीस त्या बाईच्या दारात येतो, तिचा मुलगा गेल्याचं सांगायला. तो प्रसंग सांगितला तसा अक्कानं सूप बाजूला सारल्याचा आवाज आला.

"तुझे दाजी गेले तवा आलता की पोलीस," ती म्हणाली. "उभ्या उभ्या सांगू लागला. पोरगंच व्हतं, घामानं निथळत व्हतं. म्या म्हणलं, बस बाबा, आधी पाणी पी. मग सांग काय सांगायचं हाय ते."

मी तेच लिहिलं, काना-मात्रा न बदलता. अक्का गल्लीभर सांगत सुटली, "माझं बोलनं टीव्हीत येनार हाय."

मग मुंबईहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला. मूळ मालिकेचे हक्क जमले नाहीत, तिच्यावरून अमेरिकेत काढलेली घेतली आहे. गोष्ट तीच. पण ती बाई आता चकचकीत स्वयंपाकघरात उभी, केस बसवलेले, आणि सगळे एकसारखे बोलतात, बातम्या दिल्यासारखे. "भाषा स्वच्छ ठेवा," साहेब म्हणाले. "तो दारुडा माळी आहे ना, त्याला तेवढं गावरान बोलू द्या. लोक हसतील."

एरवी चहात साखर कमी पडली तरी मी भांडतो. त्या दिवशी मुकाट्यानं "बरं" म्हणालो. विधवेला लिहून दिलं, "कृपया बसा. काय झालं ते मला स्पष्ट सांगा." माळ्यासाठी काही सुचेना आणि मुदत दोन दिवसांची. जुनी फाईल उघडली. आयतं होतं. माळ्याला पकडायला पोलीस येतो, तेव्हा तो झोकांड्या खात खुर्ची पुढं करतो आणि म्हणतो, बस बाबा, आधी पाणी पी.

कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं. लाज वाटते, पण हे मीच केलं. वर अक्काला सांगितलंही नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो.

मालिका लागली त्या दिवशी अक्कानं सगळ्या शेजारणींना चहाला बोलावलं होतं. शेजारच्या चाचींनी मला नंतर फोनवर सांगितलं, "वो दारूवाला बोला तो हम सब हसे, बेटा. तेरी अक्का उठको अंदर चली गई." ते वाक्य कुणाचं, हे त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

आठ दिवस अक्कानं माझा फोन उचलला नाही. रविवारी बसनं लोह्याला गेलो. दार उघडलं तसं उंबऱ्यातच म्हणालो, "अक्का, चुकलं माझं. शिव्या घाल, पण बोल."

"या, बसा," ती म्हणाली. जन्मात तिनं मला अहोजाहो केलं नव्हतं. एकेक शब्द जपून उच्चारत होती. "आपण पाणी घेणार का?"

"अक्का, अशी नको ना बोलू गं!"

तिनं तांब्या माझ्यापुढं ठेवला.

"असंच बोलावं," ती म्हणाली. "कोणी हसत नाही."