शकुनबाईची पावनी

फोन सकाळी सव्वाआठला आला. भाचा महेश म्हणाला, "मामा, माय गेली." माझी थोरली बहीण शकुन तलावाच्या बांधावर मासोळीची टोपली उचलता उचलता खाली बसली होती, ती उठलीच नाही. मग फोन महेशच्या बायकोनं, सवितानं घेतला. "मामाजी, लवकर या तुमी. आन्... पावनी कोठीमागून निघून नाई राह्यली." बहिणीची बातमी आणि मांजरीची बातमी मला एकाच फोनवर मिळाली. चंद्रपूरहून गावी पोचायला दीड तास लागतो. त्या दीड तासात मी मांजरीचा विचार केला नाही.

पावनी म्हणजे पाहुणी. तीन वर्षांपूर्वी बाई (शकुनला आम्ही बाईच म्हणायचो) डोळे दाखवायला चंद्रपूरला आली होती. परतताना मला एका प्राणी निवाऱ्यात बातमीसाठी थांबायचं होतं. बाहेर ऊन होतं म्हणून तीही आत आली. शेवटच्या पिंजऱ्यात एक राखाडी मांजर पाठ करून बसली होती. तिनं स्वतःच चाटून चाटून पोटावरचे केस घालवले होते. निवाऱ्यातल्या कर्मचारी ताईंनी सांगितलं, तीन घरांनी नेली आणि तिघांनी परत आणली. चावते, अंथरुणात मुतते, हात उचलला की अंगावर येते. मी वहीत लिहून घेतलं. बाईनं विचारलं, "इले कोनं मारलं?" ते कोणालाच माहीत नव्हतं. नेऊ नकोस, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "मासोळीवालीच्या घरी मांजर नाई राहीन, त कुठी राहीन, बापू?"

त्या मांजरीनं पहिले पाच आठवडे मासोळीला तोंड लावलं नाही. दूधभात ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं, तेव्हा ती खाई. शेजारीण येता-जाता विचारायची, "शकुनबाई, तुया मासोळीत काई खोट हाये का वो? मांजर बी घेऊन नाई राह्यली."

"तुयावानी हावरट नाई थे. इचार करून खाते."

तू नेमकं करतेस काय, असं मी एकदा विचारलं. "काई नाई. मी तिच्याकडे पाहातच नाई," बाई म्हणाली. मांजर जिच्यामागे दडायची त्या धानाच्या कोठीकडे पाठ करून ती मासोळी साफ करत बसायची आणि गावातल्या लग्नांबद्दल, भांडणांबद्दल मोठ्यानं बोलायची. झाडू उचलला की मांजर जागीच मुतते, हे तिच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून झाडू गोठ्यात गेला. मांजर परसात गेली की मगच घर झाडायचं, असा नियम झाला. सविता वैतागायची. "या घरात सुनेपेक्षा मांजरीचा मान जास्त."

"तू चावत नाईस ना, म्हून," बाई म्हणायची.

सातव्या महिन्यात मांजर बाईच्या लुगड्याच्या पदरावर येऊन बसली. पुढे तिच्या वाकळेवर, पायाशी झोपू लागली. पोटावर केस आले. तरी बाईनं तिला कधी कुरवाळलं नाही. "मी हात नाई लावत, थे लावते," असं सांगायची. दुसऱ्या कोणाजवळ ती कधीच गेली नाही.

माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचे कपडे आणि अंथरूण नदीवर नेऊन सोडतात. महेश सुन्न होता, म्हणून ते काम मी हाती घेतलं. पाच लुगडी, दोन वाकळा, एक शाल. घरात काही राहू देऊ नका, असं मी बजावलं. त्याच दिवशी नातेवाईक बायकांनी सगळं घर झाडून काढलं. झाडू दिसताच मांजर माळ्यावर गेली, ती उतरली नाही. पाचव्या दिवसापर्यंत वाटी जशीच्या तशी होती. टॉर्च लावून पाहिलं, तर पोट पुन्हा उघडं पडलेलं... लाल. मी निवाऱ्यात फोन केला. आणा म्हणाले. आणा म्हणजे पुन्हा पिंजरा, हे मला कळत होतं. तरी दुपारी मी झाकणाची टोपली मागवली.

सविता म्हणाली, "थांबा जरा." आत जाऊन तिनं आपल्या पेटीच्या तळातून एक हिरवं लुगडं आणलं. न धुतलेलं, चुरगळलेलं. "पाच नाई, सा होते, मामाजी. एक मी ठेवून घेतलं. तुमाले सांगतलं नाई."

"मांजरीसाठी?"

"नाई. माह्यासाठी."

तिनं ते कोठीजवळ अंथरलं आणि शेजारणीकडून दोन लहान मासोळ्या आणल्या. मग सगळ्यांना बाहेर घालवलं आणि एकटीच पाठ करून बसली. आतून तिचा आवाज येत होता. माझ्याबद्दल बोलत होती, चांगलं नव्हतं. मी अंगणात टोपलीजवळ उभा राहून ऐकत होतो. चारच्या सुमारास ती बाहेर आली. एक मासोळी संपली होती. मांजर माळ्यावरून उतरून लुगड्यावर बसली होती. टोपली मी परत पाठवली.

परवा गावी गेलो होतो. सविता आता बाईच्या जागी बाजारात बसते. लुगडं कोठीजवळच आहे, राखाडी केसांनी भरलेलं. बाईचा वास अजून येतो का, असं मी तिला विचारलं.

"सासूबाईचा गेला, मामाजी. आता पावनीचाच येते. पन धुवाची हिंमत नाई होत."