गार्डसाहेबांची धरलेली खुर्ची

आमचे उकंडराव काका रेल्वेत गार्ड होते, आणि घरातही ते गार्डच होते. पंगतीत शेवटचा माणूस हात धुऊन आला की मगच ते पाटावरून उठत. लग्नाचं वऱ्हाड निघालं की सगळ्यांना चढवायचं, मागे कोणी राहिलं नाही ना ते पाहायचं, हात वर करायचा आणि मग स्वतः शेवटच्या गाडीला धावत जाऊन लटकायचं. माणूस लाखात एक, पण त्यांच्याबरोबर प्रवास करायचा म्हणजे डोक्याला ताप.

हा ताप सगळ्यात जास्त भोगला वच्छलाकाकूनं. मोताळ्याची ही मुलगी लग्न होऊन नवऱ्याघरी निघाली तीच मुळी नवऱ्याच्या ड्युटीच्या गाडीनं. मलकापूरला काकांनी तिला बायकांच्या डब्यात बसवलं, ट्रंक बाकाखाली सरकवली आणि आपण शेपटाच्या, गार्डाच्या डब्यात निघून गेले. भुसावळ येईपर्यंत नव्या नवरीला नवरा जो काही दिसला तो खिडकीतून मान वाकडी करून दिसला. लांबवर एक पांढरा कोट आणि एक हिरवी झेंडी, बस. पुढे संसार झाला, मुलगा नारायण झाला, रेल्वेच्या पासावर नाशिक झालं, नागपूर झालं, पण बसायची रीत काही बदलली नाही. रजेवर असले तरी काका बाकावर जेमतेम टेकत, मग “जरा मागं पाहून येतो” म्हणून जे जात ते उतरायच्या स्टेशनावरच दिसत. मागच्या डब्यात कोणी ना कोणी ओळखीचा गार्ड असायचाच.

काका निवृत्त होऊन मलकापूरला घरी बसले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. नारायण तेव्हा इटलीत, जिनोआ नावाच्या बंदरात, यंत्रांच्या कारखान्यात होता. त्यानं आई-बापासाठी बोटीची तिकिटं पाठवली. मुंबईहून एडन, मग सुवेझचा कालवा, मग भूमध्य समुद्र ओलांडून थेट त्याच्या दारात. मी मोताळ्याच्या शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून नकाशा घेऊन समजावायला मला बोलावलं. काकांनी नकाशावर नाकापर्यंत वाकून सगळी वाट पाहिली आणि विचारलं काय, तर बोटीला गार्ड असतो का. मी म्हटलं कप्तान असतो. त्यावर त्यांनी अशी मान हलवली, की कप्तान म्हणजे ड्रायव्हर, तो काय कोणीही होतो.

काकू तोवर गहू निवडत बसली होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, “म्या येतो. पन संगं म्हनजे बाजूले. मी पुढं अन् तुमी शेपटाले, असं जायाचं असन तं मी घरीच बरी.”

काकांनी लगेच कबूल केलं. अगदी छातीवर हात ठेवून केलं. काकू पुन्हा गहू निवडायला लागली, पण त्या दिवशी तिनं खड्यांबरोबर बरेच गहूही फेकून दिले हे मी पाहिलं.

सातासमुद्रापार जायचं म्हणजे आधी सोयऱ्याधायऱ्यांना भेटणं आलं. आमच्याकडे काशीला निघालेल्या माणसाला निरोप देतात तोच थाट. एसटीनं आधी मोताळा, काकूचं माहेर. एसटीत काकूनं खिडकीची जागा घेतली आणि शेजारच्या जागेवर काकांचा पंचा टाकला. काका मोताळा येईपर्यंत दाराशी कंडक्टरजवळ उभे. मधल्या थांब्यावर एक म्हातारी चढली, तिला हात दिला, तिची टोपली आत घेतली आणि घंटेची दोरी यांनीच ओढली. कंडक्टर बशीर आमच्या ओळखीचा, भला माणूस. तो म्हणाला, चाचा, मग तिकिटंही तुम्हीच फाडा. आता मोताळ्याच्या वाटेवर रिकाम्या जागेवरचा पंचा कोण जुमानतो? एका गड्यानं तो उचलून काकूच्या मांडीवर ठेवला आणि ऐसपैस बसला. काकूनं पंच्याची घडी केली आणि बाहेर बघत बसली.

मग जळगाव जामोद, काकांची थोरली बहीण रुक्मिणीबाई. तिथे तर बायांची रांगच लागली. जी ती कुंकू लावून काकूच्या ओटीत नारळ आणि चोळीचा खण घालत होती. लाल, हिरवे, मोरपंखी, एवढे खण झाले की बोटीतल्या सगळ्या मडमांच्या चोळ्या शिवून झाल्या असत्या. काका ओझ्यावरून कुरकुरले, पण त्यातला एक हिरवा खण त्यांनी गुपचूप कोटाच्या खिशात घातला. मी पाहिलं तर म्हणाले, चष्मा पुसायले बरा हाये.

मुंबईपर्यंत पोचवायला मी गेले. मलकापूरहून गाडी सुटली तेव्हा काका खरोखर काकूच्या बाजूला बसलेले होते. मला बरं वाटलं. भुसावळला गाडी थांबली आणि पांढऱ्या कोटातले तुळशीराम गार्ड खिडकीशी आले. काकांचे जुने जोडीदार. “आलोच,” म्हणून काका उतरले ते कल्याणला परत आले, अंगाला कोळशाचा वास आणि तोंडभर हसू घेऊन. तोवर बाजूच्या जागेवर पंचा होता. मला असा संताप आला की चार शब्द सुनवावेत, पण काकूनं डोळ्यांनी गप्प केलं. बंदरावर निरोप घेताना ती माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, “बोटीले शेपूट नसते नं बाई?”

मी भूगोलाची मास्तरीण. मी छातीठोकपणे सांगितलं, नसतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काकू एक सांगते, काका दुसरं सांगतात, दोघांचं जुळतं तेवढं मी खरं धरते. बोटीला शेपूट असतं, आणि काकांना ते पहिल्याच दिवशी सापडलं. बोटीच्या मागच्या टोकाला कठडा असतो, तिथून पाण्यावर मागे राहिलेला पांढरा पट्टा दिसतो. काका तिथे उभे राहिले आणि त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. जन्मभर त्यांनी मुलूख असाच पाहिला होता, मागे सरत जाताना. तिथल्या खलाशानं त्यांना बसायला एक लाकडी पेटी दिली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघांचं छान जमलं.

काकू वरच्या डेकवर, अगदी पुढे. तिथे कापडी खुर्च्या मांडलेल्या असत. सकाळी उठून ती दोन खुर्च्या जोडून घ्यायची, एकीवर स्वतः बसायची, दुसरीवर पंचा टाकायची आणि मांडीशी ओटीच्या नारळांची आणि खणांची पिशवी. एका गोऱ्या म्हातारीनं पहिल्या दिवशी त्या खुर्चीला हात लावला. काकूनं तिला शुद्ध वऱ्हाडीत सांगितलं की माणूस येऊन राह्यलं. त्या बाईला काय कळलं देव जाणे, पण ती माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी तिनंच दुसऱ्या कोणाला तिथे बसू दिलं नाही. एडन गेलं, तांबडा समुद्र गेला, सुवेझ आलं, माणूस काही आलं नाही. जेवणाच्या वेळी भेट व्हायची तेव्हा काका मागचं सगळं वर्णन करत आणि काकू पुढचं काही सांगत नसे. गोव्याचा एक वाढपी होता, त्यानं एकदा कोकणीत विचारलं की मावशी, तुमचं माणूस बोटीवर आहे की गावाला. काकू म्हणते, त्या दिवशी तिला रडू आलं.

कालवा संपला आणि पोर्ट सैद आलं. तिथून पुढे भूमध्य समुद्र. बोट धक्क्याला लागली आणि लोकांना थोडा वेळ गाव पाहायला सोडलं. काकू चार पावलं फिरून परत खुर्चीवर येऊन बसली. काका मात्र शिडीपाशी खाली धक्क्यावर उभे. एकेक माणूस परत येत होता, कोणी खजूर घेऊन, कोणी चामड्याचं आसन घेऊन, आणि काका प्रत्येकाला हातानं वर जायची खूण करत होते. गोऱ्या लोकांना वाटलं हा बंदराचाच माणूस. एकानं तर तिकीट दाखवलं, ते काकांनी नीट पाहून परत दिलं.

शेवटी एक जाडा साहेब धापा टाकत आला. त्याला काकांनी मागून आधार देऊन शिडीवर चढवलं. मग धक्क्यावर इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळे चढले. काकांनी कोटाच्या खिशातून हिरवा खण काढला आणि हात लांब करून झकास हलवला.

वर भोंगा वाजला. खलाशांनी शिडी ओढून घेतली, दोर सोडले आणि बोट हलली. काका शांतपणे उभे होते. गार्ड सगळ्यात शेवटी चढतो, आणि तोही गाडी हलल्यावर. इंजिन पुढे जातं, डबे पुढे जातात, मग आपला शेपटाचा डबा समोर येतो, दांडी धरायची आणि पायरीवर पाय टाकायचा. चौतीस-पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. म्हणून ते शेपटाची वाट बघत राहिले. शेपूट आलं. त्याला दांडी नव्हती, पायरी नव्हती. लोखंडाची एक उभी भिंत आली, मध्ये वाढत जाणारं पाणी आलं आणि भिंत निघून गेली. कठड्यावरून तो पेटीवाला खलाशी तोंड उघडं टाकून बघत होता.

काकूनं हे वरून पाहिलं. हिरवा खण हललेला पाहून आधी तिला काही वाटलं नाही, कारण असं तिनं जन्मभर पाहिलं होतं. हिरवं हलतं, माणूस दिसेनासं होतं, आणि पुढच्या स्टेशनावर सापडतं. या खेपेला माणूस दिसेनासं होईना. ते तिथेच उभं होतं आणि लहान लहान होत होतं. मग मात्र ती उठली. तिनं पिशवी उपडी केली, नारळ डेकवर गडगडत गेले, आणि लाल खण हाती घेऊन ती कठड्याशी धावली. तो तिनं असा हलवला की अंगात आल्यासारखी दिसत असावी.

बोट काही थांबली नाही. लाल खणाला बोट ओळखत नव्हती. पण काका ओळखत होते. लाल दिसताच त्यांनी हिरवा हात खाली केला. आख्ख्या नोकरीत लाल निशाण त्यांनी कधी मोडलं नव्हतं. इकडे गोव्याच्या वाढप्यानं ओरडत जाऊन बोटीच्या साहेबाला सांगितलं, आणि तिकडे धक्क्याखालच्या खजूरवाल्या होडीवाल्यानं सगळा प्रकार ओळखून काकांना अक्षरशः उचलून होडीत टाकलं. बोट बंदराबाहेर काढून देणाऱ्या वाटाड्याला उतरायला बोटीच्या अंगाला दोराची शिडी सोडलेली होती. बोट संथ झाली तेव्हा होडी तिथे लागली. काका धोतर खोचून, खजुराच्या टोपल्यांतून वाट काढत, त्या शिडीला लटकले. वर सगळी बोट कठड्याला टेकून पाहत होती. ते वर पोचले तेव्हा टोपी पाण्यात गेली होती, एक वहाण होडीत राहिली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. बोटीच्या साहेबानं त्यांना इंग्रजीत बरंच झापलं. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की पॅसेंजर सगळे चढले होते, गाडी सोडण्यात चूक नव्हती.

मग ते डेकच्या पुढच्या टोकाला आले. काकू आपल्या खुर्चीवर येऊन बसली होती. लाल खण अजून मुठीतच होता. गोरी म्हातारी एकेक नारळ गोळा करून आणून देत होती. काका शेजारी उभे राहिले. काकूनं पंचा उचलला.

“भुसावळपासून मी तुमची जागा धरून बसली आहो,” ती म्हणाली. “आता माहे हात दुखते. बसा.”

काका बसले. बोट बंदराच्या तोंडातून बाहेर पडली आणि समोर भूमध्य समुद्र उघडा झाला, सगळा एकदम, अजून मागे न सरलेला. काकू सांगते, त्यांचे डोळे भरले होते. काका सांगतात, वारा होता.

“पुढून असं दिसते काय सारं?” त्यांनी विचारलं.

“असंच दिसते,” काकू म्हणाली. “म्या एकटीनंच पाह्यलं आतापावतर.”

जिनोआ येईपर्यंत काका त्या खुर्चीवरून जेवणापुरतेच उठले. पेटीवाला खलाशी एकदा त्यांची चौकशी करायला वर येऊन गेला. वाटेत एका बंदरात बोट थांबली तेव्हा काका उतरलेच नाहीत. फक्त तो जाडा साहेब परत आला की नाही तेवढं त्यांनी वाढप्याकडून विचारून घेतलं.

तीन महिन्यांनी दोघं परत आली तेव्हा मी हार घेऊन मलकापूर स्टेशनावर गेले. सवयीनं मी फलाटाच्या अगदी टोकाला, शेपटाचा डबा लागतो तिथे जाऊन उभी राहिले. गाडी आली. मागच्या डब्यातून तुळशीराम गार्ड उतरले, एकटेच. मी विचारलं, काका कुठे. ते जरा रागातच होते. म्हणाले, भुसावळला खिडकीशी जाऊन एवढं बोलावलं तर गृहस्थ म्हणतो, जागा धरली हाये, उठता येत नाही.

मी फलाटावरून पुढे धावत सुटले. मधल्या एका डब्याच्या खिडकीतून मला थांबवायला लाल खण हलत होता, आणि तो काका हलवत होते.