मागची चाकं आणि गाऱ्हाणं

आमच्या घरात चार माणसं आहेत आणि मी दोन सीटची गाडी घेतली.

हा निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला. (वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे आजही मान्य नाही.) सेहेचाळीस वर्षं मी अगदी सरळ वागलो. औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर बसून गोळ्या गोल आहेत की नाहीत ते बघत आलो. मग एके दिवशी मोबाइलवर एक माणूस दिसला. गाडी आडवी घसरवत, धुराचे लोट सोडत, तो वळणावरून हसत हसत चालला होता. आपला जन्म यासाठीच झालाय हे मला तिथल्या तिथं कळलं! याला ड्रिफ्टिंग म्हणतात. मागची चाकं मुद्दाम घसरवायची आणि घसरता घसरता गाडी आपल्याला हवी तिथंच न्यायची. संसारात मी दुसरं काय करत होतो? फक्त पेट्रोल लागत नव्हतं.

घरच्यांना हवी होती सात सीटची गाडी. गणपतीला कणकवलीजवळच्या गावी जायचं, सगळ्यांनी एकत्र जायचं, येताना नारळ आणायचे, असा बेत होता. वैशालीनं गाडीचा रंगसुद्धा ठरवला होता. अशात मी परदेशातून आलेली, तीन मालक बघून झालेली, लाल रंगाची छोटी स्पोर्ट्स कार करी रोडच्या आमच्या टॉवरखाली आणून उभी केली. वैशाली खाली आली. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "बाकीची कुठंय?"

वैशाली फणसवाडीत वाढली. तिच्या माहेरी कुणी भांडत नाही, अटी घालतात. तिनंही घातली. वर्षभर या गाडीचं तुला काय करायचं ते कर, मग एकदा मैदानात आमच्यासमोर एक पूर्ण गोल घसरवून दाखव. एकच. जमला तर गाडी राहील. नाही जमला तर ती विकायची आणि सात सीटची आणायची. आमची चौदा वर्षांची इरा हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. मी विचारसुद्धा न करता हो म्हटलं, कारण आत्मविश्वास ही आमच्या घराण्यात माझ्यापासून सुरू झालेली गोष्ट आहे.

चिंचपोकळीला माझ्या शाळेतल्या मन्याचं गॅरेज आहे. मन्याची सगळी हयात टॅक्स्या आणि टेम्पो दुरुस्त करण्यात गेली. मी त्याला व्हिडिओ दाखवला आणि अशी करायचीय म्हणालो. त्यानं दोनदा बघितला. "होऊन जाईल रे," तो म्हणाला, "घसरवायचीच आहे ना? माझ्याकडनं गेलेल्या निम्म्या गाड्या घसरतातच."

कामाला सुरुवात झाली. वजन कमी पाहिजे म्हणून एसी काढला, रेडिओ काढला, कार्पेट काढलं. मागची दोन्ही चाकं कायम एका वेगानं फिरावीत म्हणून मधलं गिअरचं डबडं वेल्ड करून टाकलं. त्यानंतर साध्या वळणावरही गाडी अशी किंचाळायची की लोक खिडकीत यायचे. हँडब्रेकच्या जागी हातभर लांब दांडा बसवला. तो खेचला की मागची चाकं जागच्या जागी जाम! सीट आली ती शर्यतीतली, खोल, माणसाला चारी बाजूंनी धरणारी. तिच्यात मी पहिल्यांदा बसलो आणि उतरताच येईना. मन्यानं आणि शेजारच्या पंक्चरवाल्यानं काखेत हात घालून मला उपसलं. (सीट लहान होती. माझ्याबद्दल गैरसमज नको.)

मग गाडी खाली केली. म्हणजे स्प्रिंगा आखूड घालून ती जमिनीच्या जवळ आणली. दिसायला काय देखणी झाली होती! ती घरच्यांना दाखवावी म्हणून मी एका संध्याकाळी टॉवरवर घेऊन आलो, आणि गेटातल्या स्पीडब्रेकरवर ती पोटावर बसली. मागची चाकं हवेत गरागरा फिरत होती. माझ्यामागं शाळेची बस, तिच्यामागं पाण्याचा टँकर, आणि टँकरमागं सोसायटीचे सेक्रेटरी. वॉचमननं कुठूनतरी दोन फळ्या आणल्या, सहा जणांनी गाडी उचलली आणि मी मान ताठ ठेवून आत गेलो. अकराव्या मजल्यावरून वैशालीनं सगळं पाहिलं होतं. मैदानातला गोल फळ्या लावून मारणार की बिनफळ्यांचा, एवढंच तिनं जेवताना विचारलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी असली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही असं लेखी कळवलं. त्यानंतर गाडीचा मुक्काम मन्याकडेच राहिला.

आता बाबांबद्दल. माझे वडील गिरणीत माग दुरुस्त करणारे फिटर होते. गिरणी बंद पडली आणि त्यांच्या हातांचं काम गेलं. घरातले नळ तेवढे ते घट्ट करायचे, आणि इतके घट्ट करायचे की उघडायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागायचं. एकदा मी त्यांना गॅरेज बघायला नेलं. दुसऱ्या दिवशी ते आपले आपण चालत गेले. मग रोजच. वयाच्या शहात्तराव्या वर्षी हा माणूस गोणपाट टाकून गाडीखाली शिरायचा, मन्याला कामातल्या चुका दाखवायचा आणि संध्याकाळी हात काळे करून घरी यायचा. कितीतरी वर्षांनी त्यांच्या नखांत ग्रीस दिसलं आणि मला फार बरं वाटलं.

फक्त हे सगळं कशासाठी चाललंय ते त्यांना पटत नव्हतं.

"गाडी सरकता म्हणजे ती बिघडलली आसा," ते म्हणायचे.

मुद्दामच सरकवायची असते, असं मी समजावलं.

"मुद्दाम? माग चलताना सुताचो धोटो भायर उडालो तर माणसाचो डोळो जाता. तो मुद्दाम कोण उडवता?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मालवणीत नव्हतं.

अखेर दिवस ठरला. पनवेलच्या पुढं एका बंद कंपनीच्या सिमेंटच्या मैदानात काही पोरं रविवारी गाड्या घसरवायला जमतात. मी नाव दिलं. आदल्या दिवशी सकाळी बाबांनी सगळ्यांना गॅरेजात बोलावलं, कारण आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही. नारळ ठेवायचा, घरातल्या मोठ्यानं देवाला काय हवं ते खणखणीत आवाजात सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. होकार भरताना वाक्य ऐकायची पद्धत नाही.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी हात जोडले, "माझो ह्यो झील उद्या गाडी घेऊन मैदानात जाता हा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या गाडीची मागची चाकां तसूभर सरकाक देऊ नको."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. सगळ्यांत मोठ्यानं.

"जशी सरळ गेली तशीच सरळ परत येवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इरानं माझा शर्ट ओढला. आपण आत्ता काय मागितलं ते कळलं का, असं तिनं विचारलं. देव शब्द बघत नाही, भाव बघतो, असं मी तिला समजावलं आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. मी जरा बसतंय, असं सांगून बाबा मागं राहिले. मन्या काही पार्ट आणायला दादरला गेला. संध्याकाळी बाबा घरी आले ते भलतेच खुशीत होते.

रविवारी गाडी ट्रकवर चढवून नेली. मैदानात सगळी विशी-पंचविशीतली पोरं होती. त्यांनी मला लगेच काका करून टाकलं. गाडी तपासणाऱ्या पोरानं इंजिन बघितलं, ब्रेक बघितले, डिकीतला पत्रा ठोकून बघितला आणि म्हणाला, "मागचं काम एकदम कडक आहे, काका. कोणी केलं?" मी नुसता हसलो. कौतुक परतवून लावायची मला सवय नाही.

प्रत्येकाला दोन संधी होत्या. माझी पहिली आली. टँकरनं पाणी मारून सिमेंट गुळगुळीत केलं होतं. एका बाजूला वैशाली, इरा, बाबा आणि मन्या उभे होते. मी वेग घेतला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, दांडा खेचला आणि चेहऱ्यावर त्या मोबाइलमधल्या माणसाचं हसू आणलं.

गाडी सरळ गेली.

नुसती सरळ नव्हे, शिस्तीत सरळ गेली! प्लॅस्टिकचे चार शंकू आडवे करून ती चहाच्या टपरीसमोर अशी उभी राहिली की टपरीवाल्यानं विचारलं, कटिंग किती? लाउडस्पीकरवरून आवाज आला, "काका, गोल मारायचाय. पार्किंग नाही."

मन्या धावत आला. त्यानं खाली वाकून बघितलं, मागं बघितलं आणि डिकीतला पत्रा उचकटला. खाली लोखंडाची सहा काळी वजनं रांगेत बसवली होती, प्रत्येकाला चार चार बोल्ट. मी ती ओळखली. मागावरच्या सुताला ताण द्यायला ही वजनं लावतात. गिरणी बंद पडली तेव्हा बाबांनी ती आठवण म्हणून गोणीत घालून आणली होती, आणि तेव्हापासून ती त्यांच्या खाटेखाली होती. आदल्या दुपारी आम्हाला नकळत टॅक्सीत घालून गॅरेजात नेलेली ती आता माझ्या मागच्या चाकांना जमिनीवर दाबून बसली होती. दिवसभर गोळ्यांचं वजन मिलिग्रॅममध्ये तपासणाऱ्या मला आपल्या गाडीत कुणीतरी अख्खा माग चढवलाय याचा पत्ता नव्हता.

"बाबा, ही कोणी बसवली?"

"मी," बाबा अभिमानानं म्हणाले. "देवाकडे मागितला तर आपणय थोडो हात लावूक होयो. तो एकटो काय काय बघतलो?"

मन्यानं सगळे पाने लावून बघितले. एकही बसेना. बोल्टसुद्धा गिरणीतलेच, जुन्या विलायती यंत्रांचे, इंचाच्या मापाचे. त्यांचा पाना करी रोडला, बाबांच्या ट्रंकेत. माझी दुसरी पाळी पंधरा मिनिटांवर आली होती. तिकडं वैशाली आणि इरा एका मोबाइलमध्ये डोकं घालून उभ्या होत्या. मी जवळ गेलो तर पडद्यावर सात सीटची गाडी होती.

माझा तोल गेला. एवढं वर्षभर राबलो आणि तुमच्यामुळं आज माझी गाडी जाणार, असं मी बाबांना सगळ्यांदेखत बोललो. मला त्याची अजून लाज वाटते.

बाबांनी आळीपाळीनं माझ्याकडे आणि वैशालीकडे बघितलं. "गाडी जातली म्हणजे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की अटीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वैशालीनं हळू आवाजात सगळं सांगितलं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मगे माका गॅरेजात कोण बोलावतलो?"

मन्या पाने गोळा करायला लागला. वैशालीनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

शेवटी बाबाच पुढं झाले आणि त्यांनी नारळ मागितला. त्या माळावर नारळ कुठला! टपरीशेजारी शहाळीवाला होता. "चालता," बाबा म्हणाले, "देव समजून घेतलो." शहाळं गाडीसमोर ठेवून त्यांनी हात जोडले आणि काय चाललंय ते बघायला मैदानातली सगळी पोरं गोळा झाली.

"बा देवा म्हाराजा, काल मी जा काय सांगितलंय ता पाच मिनटां बाजूक ठेय. ह्या झिलाची गाडी एक गोल सरकांदे. मगे कालचाच परत चालू कर रे म्हाराजा."

इरानं पोरांना खूण केली आणि पंचवीस-तीस जणांनी एका सुरात होकार भरला. या वेळी मी प्रत्येक शब्द नीट ऐकला.

दुसऱ्या फेरीला मी घाबरून जरा जास्तच वेग घेतला आणि दांडा दोन्ही हातांनी खेचला. (स्टिअरिंग कुणी धरलं होतं, हे विचारू नका.) एवढ्या वजनाची शेपूट जागची हलत नाही हे खरं, पण एकदा हलली की ती कुणाच्या बापाला थांबत नाही! मला वैशाली दिसली, टपरी दिसली, पनवेलचे डोंगर दिसले, पुन्हा वैशाली, टपरी, डोंगर, मग नुसतंच हिरवं काहीतरी. गाडी थांबली तेव्हा मी आलो तिकडं तोंड करून बसलो होतो आणि पोरं शिट्ट्या मारत होती. साडेतीन गोल झाले होते. त्यातला एकही मी मारला नव्हता.

वैशाली खिडकीपाशी आली. "मी एक म्हटलं होतं," ती म्हणाली, "पण ठीक आहे. गाडी राहील." मी हसणार तोच ती खाली वाकून म्हणाली, "तुझ्यासाठी नाही हां." मला ते कळलं होतं. बाबा तेव्हा एका पोराच्या गाडीखाली वाकून त्याची चूक दाखवत होते, आणि त्यांच्यामागं शहाळी घेतलेल्या पोरांची रांग लागली होती.

महिन्याभरानं आयोजकाचा फोन आला. पुढच्या रविवारी सोळा गाड्या आहेत, काका, बाबांना घेऊन याल ना? गाऱ्हाण्याशिवाय कुणी मैदानात उतरायला तयार नाही. मी घसा खाकरला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, माझी पाळी कितवी?

"तुमचं नाव नाही घेतलंय, काका," तो म्हणाला. "तुम्ही फक्त त्यांना आणून सोडा."